जाकिटाची शिवण

बोटीवरची ताडपत्री बाबांनी ओढून काढली तेव्हा मी मागच्या पडवीत भांडी विसळत होते. वर्षभर त्या ताडपत्रीला घरातल्या कोणी हात लावला नव्हता. वर झावळ्या साचल्या होत्या, कोपऱ्यात मांजरी व्याली होती, आणि आम्ही तिघंही तिकडे न बघता ये-जा करायला शिकलो होतो. हातातलं पातेलं मी तसंच खाली ठेवलं.

“काय करताय, बाबा?”

“बोट काढतंय.”

“ते दिसतंय. कशाला?”

“बोडक्या खडकाक जावन येतंय. तू येतंस?”

बाबा म्हणजे माझे सासरे, दत्ताराम मिठबावकर. बाजारात मासळी बघून येऊ अशा सुरात त्यांनी हे विचारलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाचीच्या साखरपुड्याला कुडाळला गेल्या होत्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परतणार होत्या. ते बघूनच त्यांनी हा दिवस धरला होता, हे कळायला मला वेळ लागला नाही.

बोट रुपेशची होती, एकट्यानंच बसायची, वरून बंद. रुपेश माझा नवरा. आदल्या वर्षी थंडीत बोडक्या खडकापाशी तो याच बोटीत गेला. बोटीतून पडून नव्हे, बोटीतच. खडपेवाडीच्या दोघा मच्छीमारांना बोट पालथी तरंगताना दिसली. जवळ जाऊन बघतात तर तो आत बसलेलाच होता, डोकं खाली, कमरेपासून वरचा सगळा पाण्यात. दोघांनी जोर लावून त्याला ओढून काढलं. “जाकीट बोटीक घट्ट बसलेला, सुटतच नव्हता,” असं त्यांनी पोलिसांना सांगितलं, मग गावाला सांगितलं, आणि मग गावानं एकमेकांना सांगितलं.

ते जाकीट मी शिवलं होतं.

मी काही बोलायच्या आत बाबा घरात गेले आणि परत आले ते जाकीट घालून. पोलिसांनी परत दिल्यापासून ते त्यांच्या ट्रंकेत कुलपात होतं. काळं, रबर चढवलेल्या कापडाचं, डोक्यावरच्या टोपीपासून खालच्या घेरापर्यंत एकसंध. बोटीला मधोमध बसायला एक गोल तोंड असतं. माणूस आत बसला की जाकिटाचा घेर त्या तोंडाच्या कडेवर चढवून दोरी आवळायची, म्हणजे माणूस आणि बोट मिळून एकच वस्तू होते आणि आत पाण्याचा थेंब जात नाही. घेराला समोर एक फास शिवलेला असतो. तो पुढे करून वर ओढला की घेर कडेवरून निसटतो आणि माणूस मोकळा होतो. म्हणजे निसटायला हवा. जायच्या आदल्या आठवड्यात रुपेश मला म्हणाला होता, “वैजू, घेरातून पाणी झिरपतं, जरा आवळून दे.” मी दोन बोटं आत घेऊन आवळून दिला होता.

“ते काढा आधी,” मी म्हणाले.

“बरा बसता माका.”

“बाबा, ते काढा.”

“तू येतंस काय नाय, तेवढा सांग.”

ते जीव द्यायला चालले होते, याबद्दल मला जराही शंका नव्हती. मुलाची बोट, मुलाचं जाकीट, तोच खडक, आणि बायको गावाला. शेजारी सांगून उपयोग नव्हता. बाबांना अडवणारा माणूस आमच्या वाडीत जन्माला आलेला नाही. मी ओला हात परकराला पुसला आणि माझी बोट काढायला गेले.

इथे मला बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही. तरुणपणी ते परदेशी जहाजांवर होते. एकदा जहाजाचं इंजिन मोडलं आणि त्यांना उत्तरेकडे, ग्रीनलँडच्या एका चिमूटभर बंदरात अख्खा मोसम काढावा लागला. तिथल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं त्यांना सीलच्या शिकारीची ती निमुळती बोट दाखवली आणि बाबा तिच्या पायी वेडे झाले. घरी येऊन त्यांनी सागवानी पट्ट्या आणि कॅनव्हासची तशीच बोट बांधली, तीच पुढे रुपेशची झाली. आमच्या बंदरावर तिला सगळे ‘सुय’ म्हणायचे. तशी ती होतीच, सुईच. रुंदीला माणूस जेमतेम मावणार, आणि जरा शिंकलात तर पालथी होणार.

पालथी झाली तर काय, हीच त्या बोटीची सगळी विद्या. पाण्याखाली डोकं खाली असताना वल्हं फिरवायचं, कंबरेचा झटका द्यायचा आणि बोटीसकट सरळ व्हायचं. डोकं सगळ्यात शेवटी वर काढायचं. घाबरलेला माणूस आधी डोकं काढायला बघतो आणि म्हणून पुन्हा खाली जातो. आम्ही याला पालटी म्हणायचो. बाबांना तिचे कितीतरी प्रकार येत. वल्ह्यानं, आखूड फळकुटानं, नुसत्या हातानं, एक हात छातीशी बांधलेला असताना. तिकडे शिकाऱ्याचा हात सीलच्या दोरीत अडकला तर उरलेल्या हातानं सरळ होता आलं पाहिजे, म्हणून. “थय पाण्यात पडलो तो मेलो,” बाबा सांगत. “बर्फाचा पाणी. पोहूक येवन उपयोग काय? बोट सोडूची नाय. ती सोडली काय संपला.”

रुपेशला त्यांनी हे भाताबरोबर भरवलं होतं.

मला पालटी कधी जमली नाही. मी लग्नाआधीपासून खाडीतल्या एका पर्यटन केंद्रात लोकांना बोटीतून फिरवायचं काम करत होते. तिथे आम्हाला पहिला धडा उलटा होता. पालथे झालात की फास ओढा, बाहेर या, बोट धरून राहा, साथीदार येईल, तो बोट रिकामी करून देईल, पुन्हा चढा. माझी बोट जाड प्लास्टिकची आणि ढेरपोटी. बाबा मला बेडूक म्हणायचे. मी पाण्यातून बोटीवर पोटावर सरपटत चढायला लागले की ते काठावर उभे राहून डरांव डरांव करायचे. मलाही हसू यायचं. पण एकदा जेवताना मी म्हणाले होते, “बाबा, तिकडे पाणी बर्फाचं होतं. आपल्याकडे अंघोळीच्या पाण्यासारखं आहे. इथे बाहेर पडायला कसली भीती?”

“जो एकदा बाहेर पडता, तो कायमच बाहेर पडता,” बाबा म्हणाले. “मगे पालटी शिकणा नाय.”

रुपेश मध्ये बसून माशाचा काटा काढत होता. बापाच्या पुढे तो कधीच काही बोलला नाही.

आम्ही खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा जमिनीकडून येणारा मतलई वारा संपत आला होता. समुद्र सपाट होता, उन्हानं डोळे दिपत होते. बाबा पुढे, मी मागे. साठी उलटलेला माणूस, पण वल्हं असं चालत होतं की मला गाठताना धाप लागत होती. मी माझ्या बोटीत त्यांच्यासाठी लाइफ जॅकेट घेतलं होतं. दोनदा पुढे केलं, दोनदा त्यांनी मान हलवली.

“आईंना काय सांगू मी?” शेवटी मी मागून विचारलं.

“कसला?”

“तुम्ही परत आला नाहीत तर.”

त्यांनी वल्हं थांबवलं आणि मागे वळून बघितलं. त्या टोपीतून फक्त चेहरा दिसत होता, आणि क्षणभर मला तो रुपेशचाच वाटला. नाक तेच, भुवया त्याच. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी रागानं बघत राहिले.

“तुका काय वाटला, मी मरूक चल्लंय?”

“मग कशाला चाललात?”

“बघूक,” ते म्हणाले, आणि पुन्हा वल्हवायला लागले.

काय बघायला, ते त्यांनी सांगितलं नाही. मरायला जाणारी माणसं तरी कुठे सांगून जातात, असं माझ्या मनात आलं.

बोडका खडक किनाऱ्यावरून दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला लाटा एकमेकींवर आपटतात आणि पाणी उकळल्यासारखं वरखाली होत राहतं. आम्ही पोचलो तेव्हा समुद्राकडून खारा वारा सुटला होता. दुपारी तो सुटतोच. रुपेशही दुपारीच गेला होता.

“तू हयसरच रव,” बाबा म्हणाले. “काय झाला तरी जवळ येव नको.”

“मी येणार.”

“गो बाय, ऐक. तू इलंस तर फुकट जातला सगळा.” आवाज चढलेला नव्हता, उलट विनवणीचा होता. बाबांनी मला कधी विनवलेलं मला आठवत नाही. मी थांबले. ती चूक होती की नव्हती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

ते खडकाच्या बाहेरच्या अंगाला गेले आणि पालथे झाले. मुद्दाम, कुशीवर वळावं तसे. लगेच वर आले. पुन्हा गेले, पुन्हा वर आले. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. आधी मला वाटलं, मुलाच्या नावानं काहीतरी करताहेत, जिथे तो गेला तिथे त्याचीच विद्या त्याला वाहताहेत. पण ते थांबेनात. एकेक पालटी आधीच्यापेक्षा जड होत गेली. वर आल्यावर ते तोंड उघडं टाकून श्वास घेत आणि तो पुरा व्हायच्या आत पुन्हा खाली जात. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते दमण्यासाठीच दमत होते.

“बाबा, बस करा,” मी ओरडले.

त्यांनी हात वर करून मला थोपवलं. मग त्यांनी वल्हं दूर फेकून दिलं.

ते लांब, पांढरट वल्हं लाटेवर सरकत माझ्या बाजूला यायला लागलं. वल्ह्याशिवाय, त्या वयात, तसं दमल्यावर, नुसत्या हातानं. ते पालथे झाले. बोटीचं पोट वर आलं. मी वाट बघितली. बोट एकदा कलली, अर्धी उठली, त्यांचा एक हात पाण्याबाहेर दिसला आणि परत आत गेला. मग बोट हललीच नाही.

मी निघाले. वारा समोरून होता आणि ती माझी ढेरपोटी बोट त्या दिवशी जन्माचा दावा साधत होती. वल्ह्यानं पाणी ओढावं तर लाट मला बाजूला लोटायची, सरळ करावी तर वारा नाक फिरवायचा. मी देवाचं नाव घेतलं नाही. रुपेशला शिव्या घातल्या. अगदी मोठ्यानं. तू गेलास ते गेलास, आता यांनाही नेतोस, आणि मी त्या घरी परत जाऊन तुझ्या आईला तोंड कसं दाखवू, असं काहीबाही. त्या पालथ्या बोटीचं पोट माझ्यासमोर वरखाली होत होतं. वर्षभर हेच मी डोळे मिटले की बघत होते. फरक इतकाच, की तेव्हा मी तिथे नव्हते आणि आता होते, आणि तरी पोचत नव्हते.

शेवटी पोचले. माझ्या बोटीचं नाक त्यांच्या बोटीवर आपटलं. मी बोटीच्या पोटावर थापा मारल्या. आतून काही नाही. मी आडवी पडून पलीकडची कड पकडली आणि ओढली. माणसासकट ती बोट सरळ करायला माझं वजन पुरेना. पुन्हा ओढली. नख मोडलं, कड हातातून सुटली. “बाबा, फास ओढा,” मी पाण्याला तोंड लावून ओरडले, जणू त्यांना ऐकू जाणार होतं. माझ्या मनात एकच होतं, घेर सुटत नाही. माझी शिवण दुसरा माणूस घेऊन चालली.

आणि बोटीच्या पलीकडे, पाण्यातून, काळी टोपी वर आली.

ते खोकत होते, ओकत होते, डोळे लाल झाले होते. एका हातानं त्यांनी बोट पकडली होती. मी त्यांच्या जाकिटाची मान पकडली. कितीतरी वेळ त्यांना बोलता येईना. मग बोलले.

“सुटता.”

“काय?”

“फास. सुटता गो. एका झटक्यान सुटता.” पुन्हा खोकले. “अंगणात बघितलेलंय मी, तुमी नसताना. पण अंगणातला काय खरा नाय. हय बघूक होया होता. दमल्यार. छातीत काय्येक नाय रवला तेवा. डाव्या हातान ओढलंय मी. एका झटक्यान सुटलो घेर.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुझी शिवण बरोबर होती, वैजू. म्हणान तुका हाडलंय. तुझ्या डोळ्यान बघूक होया होता तू.”

मला आनंद झाला. लपवून काय करू? छातीवरचा पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं. वर्षभर मी शिलाई मशीनला हात लावला नव्हता. बंदरावर बायका बोलायच्या थांबल्या की मला कळायचं, काय बोलत होत्या. आई मला कधी काही म्हणाल्या नाहीत, पण माझ्या हातचं शिवलेलं एकेक पोलकं त्यांनी हळूच वापरायचं बंद केलं होतं. त्या सगळ्यातून या माणसानं मला जीव पणाला लावून सोडवलं होतं. मी त्यांची मान पकडून रडत होते, आणि ते रडणं सुखाचं होतं.

मग मला त्यांचा चेहरा दिसला.

“म्हणजे तेकाव घेर सुटलो असतो,” बाबा म्हणाले.

मी त्यांची मान तशीच धरून होते.

“फास खय आसा तां तेका ठाऊक होता. तेना ओढूक नाय. पालटी मारीत रवलो. दम संपापर्यंत मारीत रवलो. हाताक लागता थय फास, आणि तेना हात लावक नाय.” ते शांतपणे बोलत होते, आणि मला ते ओरडले असते तर बरं असं वाटत होतं. “मिया सांगलेलंय तेका. लहान असल्यापासून सांगलंय. बोट सोडूची नाय म्हणान.”

त्यांनी बोटीवरचा हात काढला.

पडला नाही, सुटला नाही, काढला. घेर मोकळा झाल्यावर जाकिटात खालून पाणी भरत होतं आणि ते जड होऊन खाली ओढलं जात होतं. माझ्या मुठीत त्यांच्या मानेचं कापड होतं, तेवढंच. ते मला मदत करत नव्हते. पाय मारत नव्हते. पाणी हनुवटीला लागलं, तोंडाला लागलं, त्यांनी तोंड वर केलं नाही.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. नुकतीच मी सुटले होते आणि तेवढ्यात मला कळलं होतं, रुपेश का मेला. ज्यानं त्याला तिथे बसवून ठेवलं तो माणूस माझ्या मुठीत होता. मी मूठ उघडली असती तरी मला कोणी विचारलं नसतं. बोटं तशीही बधिर झाली होती. हे सगळं मनात येऊन गेलं, आणि मी मूठ उघडली नाही.

“घेर पहिल्या झटक्याला सुटला नाही,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले.

“मी वरून बघितलं ना. तुम्ही फास ओढलात, बोट हलली, घेर जागचा हलला नाही. मग पुन्हा ओढलात. मग पुन्हा. तेव्हा सुटला.”

“खोटा बोलतंस तू.”

“तुम्ही शुद्धीत तरी होतात का? दम संपल्यावर माणसाला काय आठवतं?” मी त्यांना बोटीकडे खेचत होते आणि बोलत होते. काय बोलतेय ते बोलता बोलता सुचत होतं. “जहाजाचे दोरखंड ओढलेले हात तुमचे. तुम्हाला इतके झटके लागले. रुपेशच्या हातात तेवढं बळ होतं का? त्यानं फास ओढला असणार, बाबा. ओढलाच असणार. सुटला नाही. दोन बोटं जास्त आत घेतली होती मी. मला शिवतानाच वाटलं होतं.”

“एका झटक्यान सुटलो घेर,” ते म्हणाले, पण आता विचारल्यासारखं.

“नाही सुटला.”

एक लाट आमच्यावरून गेली. ती ओसरल्यावर ते खोकले, आणि खोकताना त्यांनी तोंड पाण्याबाहेर काढलं.

“तेना फास ओढलो असात?”

“ओढला असणार. माझी शिवण घट्ट होती.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खोटं बोलत होते हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला दिसत होतं. मग त्यांचा हात पाण्यातून वर आला आणि त्यांनी माझ्या बोटीची दोरी पकडली.

पुढचं सगळं माझ्या धड्यातलं होतं. त्यांच्या बोटीचं नाक मी माझ्या मांडीसमोर आडवं ओढून घेतलं, उचललं, आतलं पाणी ओतून दिलं, बोट सरळ केली आणि माझ्या बोटीला चिकटवून धरून ठेवली. “आता पोटावर या,” मी म्हणाले. “मागच्या बाजूनं. पाय मारा.” पहिल्यांदा ते अर्धे चढले आणि घसरले. मग पुन्हा. शेवटी त्या निमुळत्या बोटीवर ते सरपटत, तोंड खाली घालून, बेडकासारखे चढले, आणि दोघांपैकी कोणालाही त्याचं हसू आलं नाही. वल्हं शोधून आणलं, पण ते चालवायला त्यांच्यात बळ नव्हतं. त्यांच्या बोटीला दोरी बांधून मी ओढत निघाले.

अर्ध्या वाटेत त्यांनी मागून विचारलं, “पयल्या झटक्याक सुटाक नाय?”

“नाही, बाबा.”

खाडीच्या तोंडाशी त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही.

आई घरी आल्या तेव्हा जाकीट दोरीवर निथळत होतं. त्या पिशवी न ठेवता अंगणातच उभ्या राहिल्या.

“ह्यां कित्या काढलास?”

बाबा पडवीत चादर गुंडाळून बसले होते. मी चुलीपाशी होते. ते काय सांगणार ते मला माहीत नव्हतं.

“बघून इलंय,” बाबा म्हणाले. “पयल्या झटक्याक सुटणा नाय तां. शिवण घट्ट होती.”

आईंनी माझ्याकडे बघितलं. “माका ठाऊकच होता,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पुढे निवळल्या. तीन माणसांच्या घरात कोणाला फार काळ रागावून राहता येत नाही. शेवटच्या आजारात त्यांचं सगळं मीच केलं, आणि तेव्हा त्यांनी माझा हात हातात धरला होता. पण क्षमा केल्यासारखा धरला होता.

बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. थंडीत मुंबई-पुण्याची मुलं पालटी शिकायला त्यांच्याकडे येतात. त्यांना ते आधी खाडीत पालथं पाडतात आणि फास ओढून बाहेर यायला लावतात. ज्याला बाहेर येता येत नाही त्याच्या हातात ते वल्हं देत नाहीत. मग एखादं पोर विचारतं, इतकं का, आणि बाबा आपल्या मुलाची गोष्ट सांगतात. त्यानं फास ओढला होता, परत परत ओढला होता, असं सांगतात. मी तिथे असले तर माझ्याकडे बघून, माया करत, म्हणतात, “हिचा काय चुकला? तेनाच सांगला, आवळून दी म्हणान.” सुरुवातीला असं म्हणताना ते माझी नजर चुकवत. अलीकडे चुकवत नाहीत. त्यांना ते आता तसंच आठवतं.

मुलं माझ्याकडे कसंनुसं बघतात. मी मान डोलावते आणि त्यांचे चहाचे कप उचलते. घेर पहिल्या झटक्याला सुटला होता. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि मी विसरलेले नाही.